पंचाहत्तरीची खरेदी

तर झालं असं, की या मे महिन्यात मला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. लेक आणि मुलगा दोघांनी मिळून परस्पर एक कार्यालय बघून ठेवलं होतं. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, साडी, मग जेवण, शंभर पानं. मी म्हटलं, "अरे, मला ओवाळायला पंचाहत्तर दिवे लावाल तर त्या उकाड्यात मीच वितळेन!" शेवटी कार्यक्रम रद्द झाला. त्यावरून आपल्यातली काही मंडळी रागावलेली आहेत, हे मला ठाऊक आहे (नाशिककर, तुम्ही विशेषतः!). म्हणून म्हटलं, कार्यक्रमाऐवजी काय झालं ते एकदा सविस्तर लिहावं. शिक्षकीपेशामुळे हिशोब दिल्याशिवाय मला झोप लागत नाही.

मुलांनी एका पाकिटात १५,००० रुपये घालून दिले. "आई, तुला हवं ते कर. पण बँकेत ठेवायचे नाहीत," अशी अट घातली. लेक मला चांगली ओळखते!

आता 'हवं ते' म्हणजे काय? दरवर्षी जूनमध्ये मी कुठल्या ना कुठल्या शाळेला वह्या देते. सवयीने तेच डोक्यात आलं. माझा एक जुना विद्यार्थी राजगड तालुक्यात (म्हणजे आपला पूर्वीचा वेल्हे) एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, तेवीस मुलं. त्याला फोन लावला.

"वह्या किती डझन पाठवू रे?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "बाई, रागावणार नसाल तर सांगतो. वह्या नकोत."

"का रे?"

"सगळे वह्याच देतात, बाई. पुस्तकं सरकार देतं, गणवेश मिळतो, दुपारचं जेवणही मिळतं. वह्या गेल्या वर्षीच्याच दोन पेट्या आहेत. मला पंचे हवेत."

"पंचे?"

"अंग पुसायचे हो. आणि जादाच्या चड्ड्या. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पोरं दोन-दोन किलोमीटर चिखलातून चालत येतात. ओली येतात नि दिवसभर तशीच बसतात, मग आठवडाभर ताप. नाहीतर मग पाऊस लागला की येतच नाहीत. शाळेत कोरडा पंचा आणि कोरडी चड्डी असली ना, की येतात."

नाहीतर पाऊस लागला की येतच नाहीत.

हे वाक्य त्याने सहज म्हटलं, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्याचं कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आज सांगते.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा पाचवीचा वर्ग घेत होते. शाळेपासून खाली नदीकाठी वस्ती होती, तिथली बरीच मुलं आमच्याकडे यायची. जुलैतला धो धो पाऊस. तास सुरू झाल्यावर एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. केसांतून, सदऱ्यातून, दप्तरातून पाणी गळतंय. मी वह्या तपासत होते, टेबलावर गठ्ठा होता. तो आत आला तर फरशीवर थारोळं साचलं. मी म्हटलं, "आधी अंग पुसून ये, मग वर्गात बस." मोठ्याने म्हटलं. पोरं हसली. माझ्या मते मी काही वावगं बोलले नव्हते. आपल्या घरीसुद्धा आपण हेच म्हणतो.

पण पुसायचं कशाने? हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. तो वळून गेला. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता, तो आला आणि जागेवर बसला. मी विसरून गेले.

एप्रिलमध्ये हजेरीपटाच्या बेरजा करायला बसले. तेव्हा हाताने कराव्या लागत. त्याच्या नावासमोर जुलै-ऑगस्टच्या रकान्यांत गैरहजेरीचे शेरे. मी बोट ठेवून बघितलं, मला लख्ख आठवत होतं, जोराचा पाऊस झालेले ते दिवस. ज्या दिवशी पाऊस त्या दिवशी तो नाही. मी एक वाक्य बोलले आणि त्याने ते वर्षभर पाळलं. त्या वर्षी तो नापास झाला. पुढच्या जूनमध्ये शाळेत आलाच नाही.

वस्तीत जाऊन चौकशी करायला हवी होती. केली नाही. त्या वर्षी घरात आजारपण होतं, हे झालं निमित्त. खरं म्हणजे लाज वाटली.

असो. तर पंचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंगळवारी खरेदीला निघाले. बरोबर आमच्या वन्सं. वन्सं एकाहत्तर वर्षांच्या, सदाशिव पेठेत राहतात आणि अख्ख्या रविवार पेठेला त्यांची घासाघीस ठाऊक आहे. मी कोथरूडहून मेट्रोने निघाले. आनंदनगरला बसायचं, जिल्हा न्यायालयाला उतरून खाली जमिनीच्या पोटात जायचं, दुसरी गाडी धरायची, की कसबा पेठ आणि मग मंडई. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून मी मंडईला परत जायला लागले. त्याआधी चार-पाच वर्षं मंडई माझ्यासाठी जवळजवळ परदेशच झाली होती. बदलायच्या स्टेशनवरचे सरकते जिने इतके लांब आहेत, की एका जिन्यावर एक अख्खं मारुतीस्तोत्र होतं. मी म्हणून बघितलंय.

माझ्या स्वतःच्या कामांची यादीही होती. मिक्सरच्या भांड्याची वॉशर, चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आणि ह्यांच्या घड्याळाचा सेल. हे जाऊन सहा वर्षं झाली. घड्याळ कोणी वापरत नाही, पण बंद पडलेलं बघवत नाही, म्हणून दर दोन वर्षांनी सेल घालून आणते. घड्याळजी आता ओळखतो. "काकांचं का?" एवढंच विचारतो आणि आपल्या कामाला लागतो.

ही किरकोळ कामं आटोपून बाहेर पडेपर्यंत वन्सं मंडईच्या मुख्य इमारतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "वहिनी, अर्धा तास!" मी घड्याळ दाखवलं. ह्यांचं नाव निघालं की वन्सं विरघळतात.

त्या अष्टकोनी मनोऱ्याकडे बघून मला दर वेळी एक गोष्ट आठवते. वर्गात सांगायचे, इथेही सांगते. ही इमारत १८८६ साली पुरी झाली आणि तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. महात्मा फुले तेव्हाच्या पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि या मंडईवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं! मला यात नेहमी गंमत वाटायची. या वेळी जरा वेगळं वाटलं. त्यांनी हिशोब मांडला होता, की मुलाला शाळेत यायला नेमकं काय लागतं. मी पस्तीस वर्षं शिकवलं आणि हा हिशोब मला फोनवरून एका विद्यार्थ्याने शिकवला.

तर, खरेदी.

आधी पंचे. रविवार पेठेत एका ठोक दुकानात गेलो. दुकानदाराने नगाला पंच्याहत्तर सांगितले. वन्संनी पंचा हातात घेतला, उजेडाकडे धरला, एक कोपरा जिभेला लावून ओला केला. "खळ आहे. पाणी पीत नाही." त्याने दुसरा दाखवला. तोही ओला केला. तिसऱ्याला मान हलली. मग भाव. पंच्याहत्तरवरून सत्तर, पासष्ट, आणि आम्ही पायरी उतरल्यावर बासष्ट. दोन डझन घेतले.

चड्ड्या चार डझन, म्हणजे प्रत्येकी दोन आणि दोन वरच्या. पंचेचाळीसच्या चाळीसला. वन्संनी तिथे एकेका चड्डीचं इलास्टिक ताणून बघितलं. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस! दुकानातला पोरगा तोंडावर हात धरून हसत होता. पण तीन बाजूला निघाल्या, हेही खरं.

रेनकोट ही खर्चाची मोठी बाब. दोनशे साठवरून दोनशे वीसपर्यंत यायला चाळीस मिनिटं आणि दोन कप चहा लागला. इथे मी मध्ये पडले. मला टोपी शिवलेला, समोरून बटणाचा आणि दप्तरावरून घालता येईल असा पाठीकडे घोळदार हवा होता. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्हाला बरंच कळतं." पस्तीस पावसाळे पोरांना ओलं होताना बघितलंय, म्हटलं. (आणि मनात म्हटलं, बघितलंच फक्त.)

मग पादत्राणं. गुरुजीने इथे फार छान काम केलं होतं. मापं पाठवायला सांगितली, तर त्याने प्रत्येक मुलाला कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवून घेतली होती. तेवीस कागद, तेवीस पावलं, प्रत्येकावर नाव. पहिलीतल्या एका मुलाने नावाऐवजी नुसतं 'मी' असं लिहिलं होतं. दुकानात आम्ही ते कागद जमिनीवर ओळीने मांडले. कामाला असलेला मुलगा एकेक प्लास्टिकचा सँडल कागदावर ठेवून बघू लागला. सुरुवातीला कंटाळून, मग त्यालाच मजा वाटायला लागली. "हा जाडा दिसतोय पायाने. ही वाकडं पाऊल टाकते बघा." मालकाने सल्ला दिला, "बोटभर मोठे घ्या, पाय वाढतो. आणि बंदाचेच घ्या. स्लीपर चिखलात रुतते आणि मागेच राहते." हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. दीडशेचा सँडल एकशे तीसला, तेवीस जोड.

मग बोहरी आळीतून नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे चिमटे चार डझन. हे माझं डोकं. चोवीस ओले पंचे वाळत कुठे घालणार? शाळेच्या पडवीत दोरी हवी. गुरुजीच्या यादीत नव्हतं, बायकांच्याच लक्षात येतं. आणि चार नेलकटर. ते मात्र त्याच्या यादीत होते.

एव्हाना दोन वाजून गेले होते आणि माझे गुडघे बोलायला लागले होते. तुळशीबागेत मिसळ खाल्ली. म्हणजे वन्संनी मिसळ, मी दहीभात शोधत फिरले आणि शेवटी त्यांच्याच ताटलीतली शेव खाल्ली. पैसे वन्संनी दिले. पाकिटातले द्यायचे नाहीत, असं आमचं आधीच ठरलं होतं. मग रामाच्या देवळाच्या आवारात पाय लांब करून बसलो. पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी बांधलेलं हे देऊळ. बाहेर कानातली, भातुकली आणि भांड्यांचा कलकलाट, आणि आत आलं की एकदम हुश्श होतं. लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्यांदा इथेच आणलं होतं, तेव्हा वन्सं परकऱ्या नव्हत्या, पण वेणीत रिबन होती. दोघींनाही आठवलं, पण कोणी काही बोललं नाही. जरा डोळे मिटून बसलो.

आता शेवटची वस्तू, कंगवे. मंडईच्या कडेला एक बाई पथारी टाकून बसली होती. डोक्यावर मोडक्या काड्यांची छत्री, तीही विटेला बांधलेली. कंगवे, पिना, सेफ्टी पिना, रबर. दहाला एक कंगवा.

वन्सं सुरू झाल्या. "दोन डझन घेणार. शाळेतल्या पोरांना द्यायचेत, दानधर्माचं काम आहे. दीडशे लाव."

"परवडत न्हाई मावशी. घ्या, एकशे ऐंशी द्या."

मी पाकीट काढलं. ती कंगवे मोजता मोजता म्हणाली, "कुठल्या शाळेतली पोरं?"

मी गाव सांगितलं. तिचा हात थांबला. "आमचं गाव तिकडंच की, पानशेतच्या अंगाला. पोरीबी हायेत का शाळेत?"

"अकरा आहेत."

तिने मागच्या पिशवीत हात घातला आणि दोन लाकडी फण्या काढल्या. बारीक दातांच्या, उवा काढायच्या. "पावसाळ्यात केस वाळत न्हाईत, डोक्यात उवा व्हत्यात पोरींच्या. कंगव्यानं काय व्हतंय? ह्या माझ्याकडनं."

मी पैसे देऊ लागले, तर फण्यांचे घेईना. "तुम्ही इतकं घेऊन चाललाय, माझं एवढं न्या की."

आम्ही दोघी गप्प. साठ रुपये आम्ही तिच्याकडून सोडवून घेतले होते, दानधर्माच्या नावाने. ते दान कुणाचं म्हणायचं? आमचं की तिचं? आणि ती वर आणखी देत होती.

वन्संनी स्वतःचा बटवा काढला. त्यातून साठ रुपये काढून पथारीवर ठेवले आणि म्हणाल्या, "हे कंगव्यांचे. फण्यांचे नाहीत." आणि मागे न बघता चालू लागल्या. मी धापा टाकत मागून गेले. पुढे कोपऱ्यावर थांबून मला म्हणाल्या, "वहिनी, ज्याच्या डोक्यावर पंखा असतो ना, त्याच्याशी घासाघीस करावी. ज्याच्या डोक्यावर छत्री असते, त्याच्याशी नाही. एकाहत्तराव्या वर्षी सुचलं म्हणून हसू नका."

मी कशाला हसते? मला तर पंच्याहत्तराव्या वर्षी पंचा सुचला, तोही दुसऱ्याने सांगितल्यावर.

वन्संच्या बाजूनेही एक सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. ठोक दुकानांत त्यांनी घासाघीस केली नसती तर पंधरा हजारांत हे सगळं बसलंच नसतं असं नाही, पण पुढची गोष्ट नक्की बसली नसती. पैसे उरले, म्हणून आप्पा बळवंत चौकात गेलो. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी शून्य झाला. दुकानदार मला दरवर्षीचं गिऱ्हाईक समजून वह्यांचे गठ्ठेच काढायला लागला. म्हटलं, नको रे बाबा, गोष्टीची पुस्तकं दाखव. मोठ्या अक्षरांतली, चित्रांची. पावसाने सुट्टी झाली आणि पोरं शाळेतच अडकली, तर कोरड्या अंगाने वाचायला काहीतरी हवं की नको? सवलत वजा जाऊन २,६४० ची झाली.

तर नाशिककरांसकट सर्वांसाठी हिशोब:

पंचे २४ – १,४८८
चड्ड्या ४८ – १,९२०
रेनकोट २४ – ५,२८०
सँडल २३ जोड – २,९९०
नेलकटर ४ – ८०
दोरी आणि चिमटे – २००
कंगवे २४ – १८० (अधिक वन्संचे ६०)
उवांच्या फण्या २ – मंडईतल्या बाईंकडून
पुस्तकं – २,६४०
रिक्षा – १९०
एकूण – १४,९६८

शिल्लक ३२ रुपये. ते पाकिटातच ठेवलेत.

रविवारी गुरुजी स्वतः आला सामान न्यायला. पोहे खाल्ले, गठ्ठे सोडून एकेक वस्तू बघितली. चिमटे बघून म्हणाला, "हे बरं केलंत, बाई." फण्या बघून हसला. पंचे मोजले. मोजून झाल्यावर म्हणाला, "एक जास्त आहे."

तो त्याच वर्गात होता, १९८६ च्या पाचवीत. इतकी वर्षं तो दिवाळीला येतो, पण मी कधी विषय काढला नव्हता. त्या दिवशी काढला. त्या मुलाचं नाव घेतलं आणि विचारलं, "आठवतो का रे तुला?"

"आठवतो की, बाई. माझ्याच बाकावर बसायचा."

"कुठे असतो आता?"

"नाही माहीत. सहावीत असताना एकदा मंडईत दिसला होता, पाटी घेऊन. मग वस्ती उठली." थोडं थांबून म्हणाला, "तुम्हाला आठवतंय ते?"

म्हणजे त्यालाही आठवत होतं. सगळं. इतकी वर्षं दिवाळीला फराळ खाताना त्याला ते ठाऊक होतं, आणि पंचे मागताना तो फोनवर घुटमळला होता. मी काही बोलले नाही. तोही मग दोऱ्या बांधायला लागला. जाताना वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "अरे, जास्तीचा राहू दे तिकडेच. मध्येच कोणी नवीन मूल आलं तर लागेल."

"लागेलच, बाई," म्हणाला.

काल त्याचा फोन आला होता. पाऊस सुरू झालाय, दोरी बांधून झाली. बाकी पुढच्या खेपेला. आणि हो, पुढच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला काही द्यायचंच असेल, तर आधी मला विचारा. मी गुरुजीला विचारून सांगेन.